डाव्या खांद्यामागचं घूं

सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, आणि तिच्या डाव्या खांद्यामागून आवाज आला. घूं. मोठा नव्हता. काड्यापेटीत कोंडलेल्या भुंग्याने चिडायचं सोडून गुणगुणायचं ठरवावं, तसा होता. तिने पाय किंचित दाबून बघितला. इंजिनाने आवाज चढवला, घूं होतं तिथेच राहिलं. म्हणजे इंजिन नाही. चाकं तर थांबलेलीच होती, म्हणजे चाकंही नाहीत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला घाबरायला एवढं पुरतं, पण ती घाबरली नाही. उलट तिच्या अंगावर बारीक शहारा आला, फार दिवसांनी कुणी घरच्या नावाने हाक मारावी तसा. "ऐकलंत का?" शेजारच्या सीटकडे वळून ती म्हणाली. सीटवर तिची पर्स होती. पर्सने काही उत्तर दिलं नाही. रेडिओवर एक बाई कुंडीतल्या रोपांना पाणी किती घालावं ते सांगत होती. खरखरीतून तिचे निम्मेच शब्द पोचत होते, त्यामुळे रोपं जगणार की मरणार ते कळत नव्हतं. नीट कानोसा घ्यावा म्हणून तिने बटण फिरवून त्या बाईला गप्प केलं, तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मोरपिशी रंगाची ती बुटकी, लांब नाकाची गाडी झेप घेऊन निघाली आणि पुढच्या चौकापर्यंत कान टवकारूनही काही ऐकू आलं नाही. लबाड, ती मनात म्हणाली. कुणी ऐकतंय असं कळलं की गप्प बसतोय.

त्या आठवड्यात तो आवाज तिला आणखी चारदा भेटला. प्रत्येक वेळी ती एकटी होती, आणि प्रत्येक वेळी नीट ऐकायला सरसावली की तो दडी मारायचा. लाजाळू आवाज तिने पूर्वीही पाहिले होते. थंड गाडीतच येणारे, उतारावरच येणारे, पाहुणे बसले की न येणारे. पण हा सगळ्यांवर ताण होता. खरं तर एवढ्यावर तिने गप्प बसायला हवं होतं. पण रात्री मुलाचा फोन आला, त्याने नेहमीप्रमाणे "जेवलीस का" विचारलं, आणि आनंद पोटात न मावल्यामुळे ती सांगून बसली. मुलगा पूल तपासतो. कुठल्या पुलाला पुढे कुठे तडा जाईल हे आधीच सांगणं हा त्याचा धंदा, आणि धंद्याची नजर घरी आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. दोन वर्षांपूर्वी वडील गेल्यापासून तो आईकडे पुलाकडे बघावं तसं बघत होता. "आई, एवढी बुटकी गाडी. बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. तुझे गुडघे बघ." गुडघे तिने बघितले होते. ते विहिरीत उतरताना कुरकुरत, पण एकदा आत बसलं की तिच्याइतकेच खूष असत. रविवारी तो आला, शेजारी बसला, मग तिला शेजारी बसवून स्वतः चालवून बघितली. काचा वर, पंखा बंद, सगळं बंद, बोलणं बंद. गाडी शहाण्या पोरीसारखी चालली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. परत येऊन गाडी दारात लावल्यावर स्टिअरिंगवरचे हात न काढताच त्याने विचारलं.

"आई, हा आवाज गाडीत नसला तर?"

"मग कुठे असणार?"

त्याने फक्त तिच्या डाव्या कानाकडे बघितलं, आणि मग घाईघाईने आरशाकडे बघितलं. कुणी तोंडावर बोललं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. तिचे कान. ज्या कानांवर या घराने तीस-चाळीस वर्षं गाडी चालवली ते कान. ती ताडकन म्हणाली, "छोटीच्या गॅरेजात नेऊ. तिला आवाज सापडला तर गाडी माझी आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही सापडला तर ही किल्ली तुझी आणि माझे कान कुठल्या डॉक्टरला दाखवायचे ते तू ठरव." तो म्हणाला, "बघ हं, नंतर फिरायचं नाही." ती म्हणाली, "मी कधी फिरले?" आणि तो घरी गेल्यावर बराच वेळ गाडीच्या छतावर हात ठेवून उभी राहिली. असल्या पैजा पूर्वी तिचा नवरा लावायचा. ती नेहमी त्याला सांगायची, जीभ दातांच्या आत असते ती उगाच नाही. तुम्हाला तरी हे कळायला हवं.

कारण नवरा दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून छोट्या यंत्राने दात कोरायचा, आणि त्या यंत्राच्या किंचाळण्याने पस्तिशीतच त्याचे बारीक आवाज गेले. ढोल ऐकू यायचा, दार ऐकू यायचं, पण चमचा पडलेला, किल्ली खुळखुळलेली, घड्याळ चाललेलं, हे सगळं त्याच्यासाठी बंद झालं होतं. आणि हौस काय, तर जुनी दोन सीटची पळती गाडी, जिला बोलायचं असलं की ती बारीकच आवाजात बोलायची. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांची पाटी, हातात दोऱ्या. लाइन जोडताच नुसत्या सुसाट्यावरून ती सांगायची, हा नदीपलीकडचा, हा डोंगरावरचा, ही लाइन ओली झालीय. तेव्हा आपोआप वाटणी झाली. तो चालवायचा, ती ऐकायची. "काय म्हणते?" तो विचारायचा, आणि ती सांगायची. आवाजांना त्यांनी नावं ठेवली होती. गिअर टाकताना कुरकुरायची ती सासूबाई. चार दिवस येऊन आपोआप जायचा तो पाहुणा. डिकीत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं ते वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. सीटांच्या मागे सामान ठेवायची एक फळी होती, तिच्यावर मुलगा आडवा पडायचा. त्याला 'मागचा कान' हे पद दिलेलं होतं आणि ते तो फार गंभीरपणे सांभाळायचा. नवरा हात वर करायचा, की काचा वर, पंखा बंद, तिघांचे श्वाससुद्धा बेताने. नंतर तो हात खाली घेऊन म्हणायचा, "हं, बोला." दिवसभर तो ज्यांच्याशी बोलायचा त्यांची तोंडं उघडी आणि कापसाने भरलेली असायची, आणि त्याला उत्तर म्हणून नुसतं आं ऐकू यायचं. त्यामुळे गाडीत बसला की तो उत्तरांचा भुकेला असायचा. गाडीचं बोलून झालं की घरचं, घरचं झालं की गल्लीतलं, ते संपलं की एक्स्चेंजमधल्या जुन्या गोष्टी, त्याच त्या, दहादा ऐकलेल्या. "बोल ना," तो म्हणायचा. "बोल काहीतरी."

आणि रेडिओ नव्हता. म्हणजे होता, डॅशबोर्डात चांगला चकचकीत, पण लावायचा नव्हता. तो नियम कधी झाला ते तिला दिवसासकट आठवत होतं, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात तिने गाडीला ओरखडा काढला होता. एकटी येत होती, रेडिओवर तिच्या कॉलेजच्या दिवसांतलं गाणं लागलं, ती कडव्यात गुंतली आणि फाटकाच्या खांबाने गाडीच्या कुशीवर हातभर रेघ मारली. नवऱ्याने आवाज चढवला नाही. तो मोडलेल्या दाताबद्दल सांगतात तशा मऊ स्वरात आठवडाभर बोलत राहिला: लक्ष, अगं, लक्ष गाडीत पाहिजे. आणि मग एका संध्याकाळी तो उशिरा घरी आला, पाणीसुद्धा न पिता उभ्याउभ्याच म्हणाला, "आजपासून गाडीत रेडिओ बंद. गाडी काय म्हणते ते ऐकायला शिकलं पाहिजे." मुलाचे तेव्हा पुढचे दोन्ही दात पडलेले होते, तो फुसफुसत म्हणाला, "पण का?" बापाने त्याची हनुवटी वर करून हिरड्या बघितल्या आणि सांगितलं, "तुझे दात आले की सांगतो." ती स्वयंपाकघरात उभी होती. तिने मान खाली घातली. आपल्यामुळे झालं, पोराचं गाणंसुद्धा गेलं, हे तिच्या मनात तेव्हा जे बसलं ते कपाटातल्या जुन्या कपड्यासारखं घडी करून तिथेच राहिलं. वापरात नव्हतं, पण टाकलंही नव्हतं. दोन वर्षं ती एकटी गाडी चालवत होती तरी रेडिओला तिने हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात एका मंगळवारी शेजारची रिकामी सीट फारच रिकामी वाटली, तेव्हा तिने बटण फिरवलं. खरखरीतून कुणाचा तरी आवाज आला, अगदी हळू. वर्गात बाकाखाली गोष्टीचं पुस्तक उघडल्यासारखं तिचं काळीज धडधडलं. त्या दिवसापासून एकटी असली की ती रेडिओ लावायची आणि घर आलं की गल्लीच्या तोंडाशीच बंद करायची. मुलाला हे ती सांगणार नव्हती. कुणालाच सांगणार नव्हती.

छोटी पन्नास वर्षांची आहे, मुलापेक्षा दोनाने मोठी, पण गॅरेज तिच्या वडिलांचं होतं आणि मिस्त्री तिला छोटी म्हणायचे, म्हणून सगळं गाव अजून तेच म्हणतं. मिस्त्री गेले, गॅरेज तिने चालवलं, केस पिकले, नाव तेच. गॅरेज म्हणजे एक लांबट शेड, ऑईलने काळी झालेली फरशी, भिंतीवर पान्यांच्या बाह्यरेषा रंगवलेल्या, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसावं. शटर अर्धंच वर होतं. ते पूर्ण वर कधीच जात नसे, मिस्त्री असतानाही. छोटी खालून वाकून बाहेर आली, हात पुसले आणि गाडीच्या नाकावर थोपटलं.

"काय काकू, कोण आजारी?"

"गाडी," ती म्हणाली.

"आई," मुलगा त्याच क्षणी म्हणाला, आणि मग सावरून, "म्हणजे, आईला वाटतंय की गाडी."

छोटीने दोघांकडे बघितलं. "पैज लागलेली दिसते. बरं, काकू, सांगा. कधी येतो आवाज?"

"मी एकटी असले की."

"चालताना की उभी असताना?"

"दोन्ही. इंजिन वाढवलं तरी तो वाढत नाही. मागून येतो, डाव्या बाजूने, वरच्या अंगाला. बारीक. घूं. दाढ कोरताना यंत्र दाताला लावायच्या आधी हवेत फिरतं ना, तसा, पण लांबच्या खोलीतला."

"हे बघ," छोटी मुलाला म्हणाली, "गिऱ्हाइकं येतात आणि सांगतात, आवाज येतो. कसला, तर आवाज. तुझी आई दाताच्या यंत्रापर्यंत गेली." मग तिच्याकडे वळून, "त्या वेळी काय काय चालू असतं? पंखा, दिवे, वायपर?"

मुलगा शेजारीच उभा होता. "काही नाही," ती म्हणाली. "मीच फक्त."

मग जे सुरू झालं ते तिला मनापासून आवडलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गाडीचं असतं तर आवडलं असतं. छोटीने गाडी लिफ्टवर चढवली. मागची चाकं हवेत लोंबकळली. तिने एकेक चाक हाताने फिरवलं, हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बुडाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मिस्त्री असेच मिटायचे. "चाकं तुपासारखी फिरतायत." मग मागच्या आसाच्या मधला लोखंडी गोळा, ज्याला गॅरेजात सगळे डिफरन्शियल म्हणतात, तो दाबून, सोडून, गिअरमध्ये आणि गिअरबाहेर ऐकला. "हा म्हातारा आहे पण कुरकुर नाही. माझ्यापेक्षा बरा." मग टाकीजवळचा पेट्रोलचा पंप; किल्ली अर्धी फिरवून इंजिन न लावता ऐकला. "हा टकटक करतो. घूं करणं याच्या स्वभावातच नाही." गाडी खाली घेऊन तिघं फेरीला निघाले, मुलगा मागच्या फळीवर. पन्नाशीला टेकलेला गृहस्थ, गुडघे कानाशी. कुणी काही न सांगता त्याने हात वर केला, अगदी बापासारखा, आणि काचा वर गेल्या, पंखा बंद झाला, तिघं श्वास धरून बसले. रस्ता गेला, पूल आला, पूल गेला. मुलाने पुलाकडे बघितलंसुद्धा नाही. तो कान देऊन ऐकत होता, सात वर्षांचा असताना ऐकायचा तसा, प्रामाणिकपणे, आईला काहीतरी सापडावं म्हणून. आणि काही आलं नाही. त्याचं तोंड उतरलेलं आरशात दिसलं तेव्हा तिला वाईट वाटलं ते स्वतःसाठी नव्हे. पोराला जिंकायचं नव्हतं.

गॅरेजपाशी आल्यावर छोटी म्हणाली, "काकू, मला काही सापडलं नाही. नाही म्हणायला लाज वाटते, पण खोटं कसं सांगू?" मुलगा फळीवरून एकेक अवयव सोडवत बाहेर आला. "आई, आज नको. किल्ली राहू दे आज तुझ्याकडे. पुढच्या आठवड्यात देशील." "आजच," ती म्हणाली. "मी कधी फिरले?" पण किल्ली गाडीतच होती, म्हणून ती पुन्हा एकदा विहिरीत उतरली, स्टिअरिंगमागे बसली, आणि किल्ली काढायला हात पुढे केला. काढली नाही. समोर काचेतून त्या दोघांचे कमरेपर्यंतचे भाग दिसत होते, दोघंही दुसरीकडे बघत असल्यासारखे उभे. बस पाच मिनिटं, तिने स्वतःला सांगितलं. आणि तिला मोठ्या बाई आठवल्या, एक्स्चेंजमधल्या, नाकावर चष्मा, पदराला पेन्सिल टोचलेली. ती नवी असताना एका गिऱ्हाइकाची तक्रार होती, बोलताना लाइनवर कुणीतरी शिट्टी वाजवतं. तिने रात्रभर, सगळं शांत असताना, ती लाइन ऐकली होती आणि सकाळी दोष नाही असं लिहून दिलं होतं. मोठ्या बाईंनी कागद परत केला होता. तक्रार रिकाम्या लाइनवर शोधायची नाही पोरी, त्या म्हणाल्या होत्या. गिऱ्हाईक बोलत असताना शोधायची. गप्प लाइनला कधीच काही होत नसतं.

तिचा हात किल्लीवरच होता. एकटी असले की. एकटी असताना आपण काय करतो? पर्स शेजारी ठेवतो. पर्स घूं करत नाही. आरसा थोडा खाली घेतो. चष्मा बदलतो. आणि. तिने डॅशबोर्डाकडे बघितलं. चकचकीत बटण तिच्याकडे बघत होतं. ऐकायचं म्हटलं की ते बंद करायचं. दारावरची बेल वाजली की उठायचं, तितकं अंगवळणी पडलेलं. ते काही करणं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं, ते ऐकण्यातच आलं होतं. या घरातल्या तिघांनाही तसंच वाटत होतं. बाहेरच्या कुणालाही तो आवाज सहज सापडला असता, फक्त या तिघांना तो मरेपर्यंत सापडला नसता. तिला हसू यायला लागलं आणि त्याच्या पाठोपाठ कानशिलं तापली. कारण आता सांगावं लागणार होतं. न सांगता किल्ली देऊन टाकली असती तर तिची लबाडी झाकली राहिली असती, कान बिचारे बदनाम झाले असते. तिने क्षणभर दोन्ही पारड्यांत टाकून पाहिलं. मग काच खाली केली.

"छोटे, मागे जा. डाव्या बाजूला, वरच्या पत्र्यावर हात ठेव."

"काय झालं, काकू?"

"ठेव तर."

छोटी मागे गेली. मुलगा दोन पावलं पुढे आला. तिने बटण फिरवलं. खर्र, आणि खरखरीतून कुठलासा वादक सनई की क्लॅरिनेट असं काहीतरी वाजवू लागला, आणि त्याच्या खालून, डाव्या खांद्यामागून, अगदी वेळेवर कामावर आलेल्या माणसासारखं: घूं.

छोटीने पत्र्याला कान लावला. "आहे," ती म्हणाली. "आहे, काकू. हातालासुद्धा लागतंय."

मुलगा आवाजाकडे गेलाच नाही. तो खिडकीशी वाकला होता आणि तिच्याकडे बघत होता, ती सिगरेट ओढताना सापडावी तसा. "आई. तू रेडिओ लावतेस?"

"लावते," ती म्हणाली. "एक महिना झाला. मंगळवारपासून."

"बाबांच्या गाडीत?"

"माझ्या गाडीत," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

ती गाडीतून उतरून मागे आली तोवर डिकीच्या डाव्या कुशीतलं अस्तर छोटीने चार बटणं काढून खाली घेतलं होतं. आत एक छोटी मोटर होती, आणि तिच्या डोक्यावर एक नळी, पत्र्याच्या भोकाकडे जाणारी. "एरियल," छोटी म्हणाली. "रेडिओ लावला की ही मोटर दांडी वर ढकलते, बंद केला की खाली घेते. पण दांडीच नाहीये. खाली दोन बोटं दातेरी दोरी राहिलीय फक्त. खाली यायचं तर ती लगेच टेकते, म्हणून मोटर थांबते. वर जायचं तर वरचं टोक सापडतच नाही बिचारीला. मग फिरत राहते." ती अस्तराच्या खोलगट भागात हात घालून चाचपत होती. "आणि ही बघा दांडी." तिच्या हातात एक लांबट पुडकं होतं. पांढरी मलमपट्टीची जाळी, नीट गुंडाळलेली, वरून दात साफ करायच्या दोऱ्याने बांधलेली. गाठ दुहेरी होती, आणि दुसरी गाठ उलट्या बाजूने घेतलेली. तशी गाठ जगात एकच माणूस मारायचा. औषधांच्या पुड्यांना, जुन्या पत्रांना, मुलाच्या दप्तराच्या तुटलेल्या पट्ट्याला. तिने पुडकं छोटीच्या हातातून घेतलं आणि गाठ नखाने सोडवली. आत एरियलची दांडी होती, मध्येच काटकोनात मोडलेली, जखमी माणसासारखी जपून ठेवलेली.

"तरीच," छोटी म्हणाली, आणि डिकीच्या काठावर बसून हसायला लागली. "काकू, मी नऊ वर्षांची होते. डॉक्टरकाका एकटेच आले होते संध्याकाळचे. मॅच चालली होती, शेवटची पाच मिनिटं, रेडिओ जोरात. आणि त्यांनी गाडी उलटी आत घेतली, एरियल वर असतानाच." तिने अर्ध्यावर लटकलेल्या शटरकडे बोट दाखवलं. "याच्याखालून. कडकन आवाज आला. बाबा म्हणाले, डॉक्टर, नवी मागवून देतो. काका म्हणाले, नको, घरी विचारतील कशी मोडली, आणि मी आठवडाभर घरी एकच विषय लावून धरलाय. मग दोघं कितीतरी वेळ शेडच्या पायरीवर बसले होते, शाळा बुडवलेल्या पोरांसारखे. बाबांनी मला नंतर बजावलं होतं, पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते. मी तर विसरूनच गेले होते."

ती मोडकी दांडी हातात घेऊन उभी होती. आठवडाभर एकच विषय. लक्ष, अगं, लक्ष गाडीत पाहिजे. तिला ती संध्याकाळ पुन्हा दिसली, पण दुसऱ्या बाजूने, नाटक विंगेतून दिसावं तशी: पाणीसुद्धा न पिता उभा राहिलेला माणूस, घशाला कोरड, चेहऱ्यावर तत्त्वज्ञान. मोटरची तार काढायचीसुद्धा त्याला गरज पडली नव्हती, नियम होता ना. आणि मग तो नियम निभवायला केवढी यातायात. हात वर करणं, मौन, मागचा कान, सासूबाई, पाहुणा. एका मोडक्या दांडीवर त्याने चाळीस वर्षं संसार उभा केला होता आणि तो उभा राहिलाही होता. कपाटातला तो जुना कपडा तिने उलगडला तेव्हा तो तिच्या मापाचा नव्हताच. ती हसली. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग तिला गाडीला टेकावं लागलं, आणि आवाज करत ती एवढी हसली की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"मला म्हणाले होते," मुलगा हळूच म्हणाला, "तुझे दात आले की सांगतो." त्याने जिभेने पुढचे दात चाचपले. "येऊन चाळीस वर्षं झाली." आणि मग तोही बसला, छोटीच्या शेजारी, डिकीच्या काठावर, आणि गाडी मागून इतकी खाली गेली की छोटी म्हणाली, "अरे हळू, स्प्रिंगा मोडशील, मग खरंच आवाज येईल."

नवी दांडी मिळायला आठ दिवस लागणार होते. तोपर्यंत छोटीने मोटरची तार काढून ठेवली, आणि मोडकी दांडी टाकून देऊ का म्हणून विचारलं. तिने ती पुन्हा जाळीत गुंडाळली, दोऱ्याने बांधली, आणि दुसरी गाठ उलट्या बाजूने घेतली. किल्ली गाडीलाच होती. मुलाने ती काढली, तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिची बोटं मिटवली. "कानांचं काय करायचं?" तो म्हणाला. ती म्हणाली, "तुझे दाखवून ये. तीन फेऱ्या मारल्यास आणि एकदाही ऐकू आलं नाही."

येताना ती चालवत होती. तो शेजारी बसला होता, मांडीवर तिची पर्स घेऊन. गल्ली संपून मोठा रस्ता लागला तशी तिने हात लांब करून, त्याच्यादेखत, सावकाश, बटण फिरवलं. खर्र, आणि खरखरीतून एक गाणं आलं, कुठलं ते कळण्याइतकं स्पष्ट नाही पण गाणं आहे एवढं नक्की. मागून काही आलं नाही. डाव्या खांद्यामागे शांत होतं. दोन चौक त्यांनी ते गाणं ऐकलं. तिसऱ्या चौकात सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, आणि तिने रेडिओ बंद केला.

मुलाने कान टवकारले. हात अर्धा वर गेलासुद्धा. "काय झालं? पुन्हा आला का आवाज?"

"नाही," ती म्हणाली. "तू बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या पुलांचं सांग."

अर्धा वर गेलेला हात त्याने खाली घेतला. मग म्हणाला, "एक पूल आहे, आई. त्याला काही झालेलं नाही, पण सकाळी ऊन पडलं की तो एक आवाज करतो," आणि सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी तिने गाडी थोडी उशिरानेच सोडली.